लग्नपत्रिकेतलं दगडफूल

साखराबाई नांदेडच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. रामलिंग सर दगडफूल गोळा करायला निघाले की हातोडी-छिन्नी तिच्या पिशवीत. हे काळ्या मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंद. पण माळावरच्या दगडाला रंग फासल्यासारखे चिकटलेले. दगडाची खपली काढावी तेव्हा हाती येतात. अशा बेचाळीस खपल्या तिनं दोन उन्हाळ्यांत काढल्या. "म्हणजे, काय आहे, मावशी, मी लेबलं बघतो," म्हणत सर सावली बघायचे.

पहिल्याच फेरीला बघावं तर पाकिटांचा कागद संपलेला. ज्या घरी पाणी प्याली तिथली उरलेली लग्नपत्रिका साखराबाईनं मागून घेतली अन् उलटी घडी घालून पाकीट केलं. मग तेच चालू झालं.

"म्हणजे, काय आहे, संग्रहालयात हे असलं धाडायचं?"

"गणपती आत बसलाय, सर. भायेरून कोरं हाय की."

सरांनी कबूल केलं होतं, लेबलावर संग्राहक म्हणून साखराबाईचं नाव येणार. तिनं हे शिरूर अनंतपाळला माहेरी सांगितलं, तर भावजय सरजाबाई म्हणाली, "दगड खरडून कुठं नाव हुतंय व्हय?"

पुण्याच्या संग्रहालयातून बुद्धप्रिया मॅडम नमुने न्यायला यायच्या दिवशीच कूलर गळला. पाणी थेट नमुन्यांच्या खोक्यात.

"दगडफुलाला काय हुतंय," साखराबाईनं खपल्या पंख्याखाली पसरल्या, एकेक आपापल्या पाकिटावर. "पाणी पिऊन हिरवंगार झालंय. वाळंल."

दगडफूल वाळलं. सरांची जेलपेनची लेबलं मात्र निळी गंगा होऊन वाहून गेली.

मॅडम चष्म्यावरून बघत, एकेक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं बोलल्या, "सर, जागा माहीत नसेल, तर आमच्या दृष्टीनं ही खडी आहे. घेता येणार नाही."

"म्हणजे, काय आहे, गावागावाच्या तारखा डायरीत आहेत. पण कुठलं पाकीट कुठल्या गावचं..." सर डायरीची पानं उलटत राहिले.

साखराबाईच्या डोळ्यांपुढं सरजाबाई हसली. तिनं पहिलं पाकीट उलगडलं. आत छापलेली शाई जशीच्या तशी.

"निमंत्रक शिवमूर्ती, मुक्काम पोस्ट जळकोट," तिनं बोट फिरवत वाचलं. "लिहा, सर. जळकोट."

मॅडम पुढं झाल्या. "पत्रिका पाहुण्यांकडची असली तर?"

"पाहुण्याची मी घेतलीच न्हाई. पोरीच्या लग्नाच्या पाच-पन्नास घरोघर उरतेतच. जिथं पाणी पिले, तिथलीच घेतली. लग्न कुठं झालं ते नका बघू, मॅडम. निमंत्रक बघा."

मग साखराबाई निमंत्रक वाचत गेली, सर डायरीत बोट फिरवत गेले, मॅडम खूण करत गेल्या. मुखेड. कंधार. अहमदपूर. एका पत्रिकेवर बुद्धांचं चित्र, तिथं मॅडम जरा थांबून हसल्या. बेचाळीसच्या बेचाळीस नमुन्यांची गावं लागली.

"ह्या पत्रिकासुद्धा नमुन्यांसोबत राहतील," मॅडम म्हणाल्या.

सरांनी नव्या लेबलांसाठी खिशातून जेलपेन काढला. साखराबाईनं तो बाजूला ठेवला अन् त्यांच्या हाती शिसपेन्सिल दिली.

"ह्यानं लिहा. अन् माझं नाव जरा ठळक. सरजाबाईला फोटो धाडायचाय."