जिभेला चिकटेल ते खरं

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून असं एक कौल, एक वीट, एक माठ उरला नसेल, ज्याला माझ्या मामेसासऱ्यांची जीभ लागलेली नाही. खोटं वाटत असेल तर नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या लग्नाच्या बोलणीला हजर असलेल्या कुणालाही विचारा. बायकोचे हे मामा मुलीकडचे म्हणून शहापूरला आमचं घर बघायला आले, चहा प्यायले, अंगणात गेले, रचून ठेवलेल्या कौलांतलं एक उचललं आणि सगळ्यांदेखत चाटलं. आई तोंडाला पदर लावून आत पळाली. मामांनी कौल जागच्या जागी ठेवून निकाल दिला, "द्या पोरगी. कौलं पक्की भाजलीत, जीभ चिकटत नाय. हे घर गळणार नाय." घर आजतागायत गळलेलं नाही, हे कबूल करणं भाग आहे.

मामा किन्हवलीजवळच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. इतर माणसं वस्तू बघतात, मामा वस्तूतली भोकं बघत. डोळ्यांना न दिसणारी भोकं ज्या वस्तूत असतात, ती जिभेवरचं पाणी ओढते आणि जीभ धरून ठेवते, असं त्यांचं शास्त्र. जीभ सुटेपर्यंत ते डोळे मिटून बोटांवर आकडे मोजत. मटणाच्या पंगतीत हाड फोडून आतली जाळी शेजाऱ्याला दाखवत, "बघ, हाड भरीव असतं तर तुला उठवायला दोन माणसं लागली असती." कोळशाविषयी बोलताना तर त्यांचा आवाज देवघरात बोलावं तसा उतरे. "जावईबापू, चिमूटभर चांगल्या कोळशातल्या भोकांच्या भिंती उलगडून अंथरल्या ना, तर भाताचं अख्खं खाचर झाकेल." मी विचारलं, "अंथरणार कोण?" चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

भारनियमनाच्या दिवसांत त्यांनी याच कोळशातून वीज काढली. मामींचे ॲल्युमिनियमचे दोन तोप, मिठाचं पाणी, फडक्यात गुंडाळलेला करवंटीचा कोळसा आणि तारा. भिंतीवरचं घड्याळ खरोखर चाललं! सगळी आळी बघायला लोटली. तिसऱ्या दिवशी मामींनी तोप उचलले, तर बुडाची चाळण झालेली.

"वीज फुकट नसते गो. तिनं तोप खाल्ला."

"मग आजचा भात पन तिलाच मागा," मामी म्हणाल्या.

या सगळ्या उद्योगाच्या मुळाशी मामीच होत्या, हे मला उशिरा कळलं. दर पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढुळलं की त्यांचं पोट बिघडे. एका वर्षी तर त्या महिनाभर अंथरुणाला खिळल्या. पाणी उकळून प्यायला त्या तयार नसत. "उकळलं की पानी मरतं. मेलेलं पानी पिऊ मी?" म्हणून मामांनी जिवंत पाणी गाळणारं मडकं करायचं ठरवलं. धसईच्या एका कुंभारीण मावशींच्या मातीत ते गिरणीतलं भाताचं तूस चाळून मिसळत. भट्टीत तूस जळून जाई, त्याच्या जागी बारीक भोकं राहत. पाणी झिरपून खाली, घाण वर. पण तूस थोडं जास्त झालं की पाणी धो धो वाही आणि कमी झालं की थेंब पडत नसे. मावशी कपाळावर हात मारून घेत. "मास्तर, मडक्याला भोक निघालं तर गिऱ्हाईक मला मारायला येतं, आन तुमी भोकंच मागताव!"

सात-आठ वर्षांनी मडकं जमलं. शेजारीपाजारी नेऊ लागले, त्यांची पोटं सुधारली. मामी मात्र त्याला शिवायला तयार नव्हत्या.

"यांनी चाटलेल्या मडक्यातलं पानी पिऊ? जावईबापू, तुमीच सांगा!"

"अगो, धुतलंय ना नंतर."

"धुतलं तरी चाटलंच ना?"

"मग न तपासता तुला कसं देऊ गो?"

इथे वाद थांबे. न चाटता मामा देईनात, चाटलेलं मामी घेईनात. तीन पावसाळे असेच गेले आणि तिन्ही पावसाळे मामींचं पोट बिघडलं.

मामा निवृत्त झाले आणि त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, जीभ मात्र बधिर राहिली. त्यानंतर प्रथमच धसईला गेले तेव्हा मी आणि मामी बरोबर होतो. मावशींनी नवं मडकं पुढे केलं. मामांनी काठाला जीभ लावली, डोळे मिटले, बराच वेळ तसेच बसले. मग मडकं मांडीवर ठेवून म्हणाले, "काय कळत नाय रे."



मामींनी ते मडकं उचललं. पदराने काठ पुसला, इकडेतिकडे पाहिलं आणि जावयाकडे पाठ केली.

"चिकटली," त्या पुटपुटल्या.

"किती वेळ?"

"मोजलं नाय."

"मोज गो."

मामी पुन्हा वळल्या. त्यांच्या पाठीकडे बघत मामा चांगल्या हाताच्या बोटांवर आकडे मोजत राहिले.

घरी येताना एसटीत ते मडकं मामींनी मांडीवरून हलू दिलं नाही. आता ते त्यांच्या स्वयंपाकघरात तिवईवर असतं. मी गेलो की मामी आधी स्वतः घोटभर पितात, मग मला पेला देतात. "घ्या. मी तपासलंय."

"मोजून?" आतल्या खाटेवरून मामा विचारतात.

"मोजून वो, मोजून."

मामा हसतात. झटक्यापासून त्यांचं तोंड एकाच बाजूने हसतं. दुसऱ्या बाजूचं हसू, माझ्याकडे पाठ करून, मामी हसून घेतात.