चौकट रुंद करायची नाही

धाकट्या मिस्त्रीने बाथरूमच्या चौकटीला टेप लावला आणि वहिनींच्या डोक्यात तिडीक गेली.

वहिनी म्हणजे थोरल्या मिस्त्रींची बायको. लग्नाच्या फोटोत थोरले वहिनींच्या मागे अर्धे झाकले गेले होते. आता त्यांच्यामागे वहिनी, दोन शेजारी आणि एखादं कपाट आरामात लपलं असतं. दोघे भाऊ हाडाचे सुतार, त्यामुळे घरातली कुठलीही अडचण त्यांना लाकडाचीच वाटायची. थोरल्यांच्या वजनाने खुर्ची मोडली, तर त्यांनी सागवानी केली. पलंग वाकला, तर खाली आडवे दांडे ठोकले. गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा जिन्याला कठडा बसला. झोपेत श्वास अडकून थोरले दचकून उठू लागले, तर पलंगाची उशाकडची बाजू ठोकळ्यांवर चढली. दर वेळी दोघे मागे सरून काम न्याहाळायचे आणि म्हणायचे, "आता वीस वर्षं बघायला नको." पलंगाला वीस वर्षं मिळत होती. माणसाची कोण मोजत होतं?

"वहिनी, जरा सरका," धाकटा म्हणाला. "दादा तिरका होऊन आत जातो, खांदा घासतो. चार इंच वाढवतो."

"हात तर लावा चौकटीला, भाऊजी." वहिनी दारातच उभ्या राहिल्या.

"अगं, बाथरूमचं दार आहे ते, तुझं माहेर नाही," थोरले सागवानी खुर्चीतून म्हणाले.

"माहेरच्या दारातून सरळ आत आलात, म्हणून तर लग्न झालं."

धाकटा फिस्सकन हसला.

"हसू नका. दोघं मिळून यांच्या मरणाची सोय करताय, तीही पॉलिश मारून. डॉक्टर काय म्हणाले होते? साखर वाढलीये, रक्तदाब वाढलाय, हृदयावर ताण येतोय. असंच चाललं तर आयुष्यातली आठ-दहा वर्षं जातील, आणि उरतील ती गुडघे धरून काढायची. त्यानंतर तुम्ही पाऊल तरी टाकलंत दवाखान्यात?"

"नाही टाकलं. टाकणारही नाही."

"का?"

थोरले खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवू लागले.

"काट्यावर उभा होतो. काटा टोकाला जाऊन थांबला. नर्स सगळ्यांदेखत म्हणाली, इथे मावत नाही, भंगारवाल्याकडे वजन करून या. बाकावरचे सगळे हसले. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचून दाखवला, मान वर न करता 'तोंडावर ताबा ठेवा' म्हणाले. गुडघा दाखवायला गेलो होतो. तो बघितलाच नाही."

वहिनींचा राग आता कुणावर काढावा ते न कळून क्षणभर हवेतच राहिला. मग तो नवऱ्यात आणि दवाखान्यात वाटला गेला, आणि तरी कुणाच्याच वाट्याला कमी आला नाही.

"घरी येऊन सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? काटा कमी पडला म्हणून?"

"लोक हसले म्हणून तुम्ही दहा वर्षं आधी जाणार? मग माझ्या सोबतीला कोण, ते हसणारे येणार आहेत?"

धाकट्याने टेप गुंडाळून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी वहिनी त्यांना घेऊनच निघाल्या. कोपऱ्यावर ते धापा टाकत थांबले, तेव्हा वहिनी पदपथाच्या कट्ट्यावर बसल्या. "घ्या दम. मला घाई नाही. चिडलेय, पण घाई नाही."

दवाखान्यात नर्सने थोरल्यांना पाहून तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी काट्यापाशी पोचल्या. "मोठा काटा असेल तर आणा. नसेल तर कुठे आहे ते सांगा. आणि आकडा हळू सांगा, आम्हाला यांना विकायचं नाहीये." बाकावर कुणीतरी खाकरलं. वहिनींनी वळून पाहिलं आणि तो खोकला जागीच बरा झाला.

आत डॉक्टर कागद चाळत होते.

"आधी गुडघा बघा," वहिनी म्हणाल्या, "मग काय रागवायचं ते रागवा. आणि 'कमी खा' एवढ्यावर बोळवण नको. झोपेत श्वास अडकतो त्याचं काय, साखरेचं काय, दुखऱ्या गुडघ्यांनी वजन उतरवायचं कसं, सगळं नीट सांगा. आम्ही बसलोय."

डॉक्टरांनी मान वर केली. थोरले पँट गुडघ्यापर्यंत चढवायची धडपड करू लागले. वहिनी त्यांच्यावरही खेकसल्या, आणि वाकून ती त्यांनीच चढवली.