साखऱ्याचा मास्तर आणि रंगूनची हार

महायुद्ध संपल्यानंतरचा दुसरा हिवाळा. महिनाभर गावोगाव बोलून माझा घसा बसला होता आणि कळमनुरीच्या वाचनालयातलं भाषण अजून बाकी होतं. विषय स्वावलंबन. पुस्तकांतली उदाहरणं सांगून आता मीच कंटाळलो होतो. अशात कुणी तरी सांगितलं, साखऱ्याचा किसन मास्तर रंगूनला फुटबॉल शिकवत होता. म्हटलं, हा माणूस व्यासपीठावर आपल्या शेजारी बसायला हवा. निघालो.

परभणीहून जाताना पूर्णेला गाडी बदलावी लागते. हिंगोलीला रूळ संपतात. पुढे साखऱ्यापर्यंत बैलगाडी. गाडीवाल्याने दोन रुपये हाली, म्हणजे निजामी नाण्यात, घेतले. घोंगडी घरूनच न्या. वाटेत तुरीची रानं आणि पाणी मागितलं की आधी जात विचारणारी माणसं. त्यावरून मी दोन ठिकाणी भांडलो. तिसऱ्या ठिकाणी तहानलेलाच राहिलो. भांडायचं त्राण नव्हतं.

मास्तर ज्वारीवरची पाखरं हाकत होता. डावा गुडघा वाकडा. त्याची थोरली बहीण, आक्का, पिठलं-भाकरी वाढताना मला म्हणाली, "अकरा वर्सं परदेशी ऱ्हायला अन् आणलं काय, तर फाटका चेंडू."

"चेंडू न्हाई फाटला आक्का. आतलं हवेचं ब्लॅडर फाटलं," मास्तर म्हणाला.

बाप हिंगोलीच्या छावणीत घोडे राखायचा. तिथल्या मैदानावर मास्तर अनवाणी शिकला, पुढे हैदराबादच्या एका संघातून खेळला. गुडघा मोडल्यावर खेळणं संपलं. मग रंगूनच्या एका भाताच्या गिरणीने कामगारांचा संघ घडवायला त्याला नेलं. बॉम्ब पडू लागले तेव्हा तो डोंगरांतून चालत परत आला. हे सगळं त्याने एका भाकरीत सांगून संपवलं.

कळमनुरीला यायला तो तयार झाला, पण एका अटीवर. "वाचनालयामागं मोकळी जागा हाय म्हन्त्यात. तिथं मला पोरं शिकवू द्या. हितं अकरा पोरं एका टायमाला रानातून सुटत न्हाईत." मी शब्द दिला.

हिंगोलीहून कळमनुरीला मोटार मिळते. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, नाहीतर टपावर बसावं लागेल. आम्ही टपावरच बसलो.

सभेला वाचनालय भरलं होतं. मागच्या जागेचं मी वाचनालयाच्या चिटणीसांच्या कानावर आधीच घातलं होतं. मास्तर रंगूनहून चालत आला हे सांगता सांगता मी रंगात आलो आणि सांगून टाकलं, की या माणसाच्या अनवाणी कामगारांनी पहिल्याच वर्षी गोऱ्या पलटणीच्या संघाला धूळ चारली. मला असं कुणीही सांगितलेलं नव्हतं. टाळ्या पडल्या. मास्तर गुडघ्यावर हात टेकून उठला.

"न्हाई. आमी हारलो. पाच शून्य."

हशा उसळला. मागून कुणी तरी म्हणालं, "तरीच मास्तर चालत आले. पळनं जमत नसंल." चिटणीस पानाला चुना लावत म्हणाले, "अन् हारायचं शिकवायला जागा काहून द्यावी आमी?" जागेची गोष्ट तिथेच मिटली. मला उठून बोल असं कधी सांगावं लागत नाही. त्या वेळी मात्र मी खुर्चीत बसून राहिलो.

परतीच्या मोटारीत मी चिडून म्हणालो, "मास्तर, गप्प राहिला असतात तर जागा मिळाली असती."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "भाऊ, त्या अकरा जनांतले किती जित्ते हायेत, मला ठाव न्हाई. पाच गोल खाऊन बी ती पोरं शिट्टी होईस्तोवर पळत होती. त्यायचं एवढंच हाय माझ्यापाशी. तेच तुमी बदलून राहिले."

हिंगोलीला उतरल्यावर मास्तरच्या बैलगाडीचे दोन रुपये मी दिले.

परभणीला परतल्यावर चिटणीसांना पत्र लिहिलं: खोटं माझं होतं, मास्तरचं नव्हे, जागा द्या. उत्तर आलेलं नाही. भाषणं चालूच आहेत. रंगूनच्या पोरांची गोष्ट मी आता पाच शून्य अशीच सांगतो. टाळ्या कमी पडतात.

तुमच्यापैकी कुणी साखऱ्याकडे जाणार असेल, तर घोंगडीसोबत फुटबॉलचं एक ब्लॅडर घेऊन जा. मास्तरकडे चेंडू आहे.