बाराव्यांदा दाबलेलं बोट

हसनाबादच्या शिवारात दाजींनी आणि मी किती विहिरी फोडल्या, ते आता आठवत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सुरुंगाचं काम मला त्यांनीच शिकवलं. खडकात जितकी भोकं दारूनं भरली तितके उडालेले बार मोजायचे. एक जरी बार कमी ऐकू आला तरी खाली उतरायचं नाही, कारण एक सुरुंग अजून जिवंत असतो.

एका विहिरीवर माझा डावा कान गेला, उजवाही मंदावला. हे फक्त दाजींना ठाऊक होतं. बहिऱ्याला सुरुंगावर कोण ठेवणार? म्हणून बार उडू लागले की ते माझ्या मागे उभे राहायचे आणि दर आवाजाला माझ्या पाठीवर एकदा बोट दाबायचे. आकडा मी सांगायचो.

पुढं आम्ही दोघं उत्तरेत गेलो, खिंडीखालून जाणाऱ्या रेल्वेच्या लांबलचक बोगद्यावर. मोठ्या बोगद्यात यंत्रांचं राज्य. आम्ही बाजूच्या अरुंद जोडवाटा फोडायचो. तिथंही बार मोजून साहेबांना आकडा आधी मी सांगायचो, मग दाजी. साहेब आपल्याकडचेच, मराठी. टोळीचा मुकादम काम सोडून चालला होता आणि त्याच्या जागी मला नेमायचं साहेबांनी जवळजवळ ठरवलं होतं. मी ते मोठ्या आनंदानं दाजींना सांगितलं. माझ्याएवढा भोळसट मीच.

त्याच आठवड्यात एकदा बारा भोकं भरली. पाठीवर बाराव्यांदा बोट दाबलं गेलं आणि मी म्हणालो, "बारा. सगळे उडाले."

"न्हाई साहेब, अकराच," मागून दाजी बोलले. "एक राह्यला. याला बराबर ऐकू येत न्हाई. मी लई दिवस झाकलं, पण आता माणसं मरतील."

तपासलं तर एक सुरुंग खरंच तसाच होता. माझ्या कानांची तपासणी झाली आणि दोन दिवसांत मी परतीच्या गाडीत बसलो. खरं बोलल्याबद्दल साहेबांनी दाजींची पाठ थोपटली आणि त्यांनाच मुकादम केलं.

वर्षभर मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. बोटं मोजण्यात मीच चुकलो, दाजींनी माणसं वाचवली, असं ताईलाही सांगत होतो. मग दाजी सुट्टीवर केदारखेड्याला आले. मी भेटायला गेलो आणि सहज विचारलं, "दाजी, त्या दिवशी तुम्ही बोट कितीदा दाबलं होतं?"

ते म्हणाले, "बारा."

"आन् ऐकले किती?"

"अकरा. मुकादमाची जागा एकच व्हती. मंग काय करू? तुझं कवा ना कवा उघडं पडणारच व्हतं."

ताईचं घर म्हणून मी आवाज चढवला नाही. त्यांचा राग येतोच, अजून येतो. पण त्याहून जास्त राग मला माझा येतो. उरलेल्या उजव्या कानानं त्या दिवशी मीही अकराच आवाज ऐकले होते. बारावं बोट लागलं तेव्हा वाटलं, कानानंच दगा दिला.