धोंडिरामच्या घरातला स्वयंनिर्णय

सोलापूरच्या बुधवार पेठेतला धोंडिराम टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायचा आणि सुटी झाली की तडक आमच्या डाव्या गटाच्या खोलीवर यायचा. गट एवढासा, खोली त्याहून लहान. पण जगात कुठंही काही घडलं की त्यावर आपली भूमिका ठरल्याशिवाय आम्ही घरी जात नसू.

दोन हजार सतराच्या ऑक्टोबरात स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतानं स्वतंत्र व्हावं की नाही यावर मतदान घेतलं. स्पेनच्या सरकारनं ते बेकायदा ठरवलं आणि पोलिसांनी मतदारांना झोडपलं. आमच्यात लगेच दोन तट पडले.

"वेगळं व्हायचं का न्हाय, हे ज्याचं त्यानं ठरवायचं," धोंडिराम म्हणाला. "त्यास्नी साधं मत देऊ देत न्हाईत, आन् आपण गप बसायचं?"

त्याचा जिवलग दोस्त नरसय्या यंत्रमागावर कामाला. तोच विरोधात उठला. "ती श्रीमंतांची चळवळ हाय. गरीब प्रांतांचा भार नको म्हणून निघालेत. कामगारांत फूट पडती, तिला पाठिंबा कसला?"

दिवाळीपर्यंत वाद चालला आणि गट फुटला. खोली एकच असल्यानं एक गट शनिवारी बसू लागला, दुसरा रविवारी. धोंडिराम आणि नरसय्या एकमेकांशी बोलेनासे झाले. कॅटलोनियात हे कुणाला कळलं असेल असं वाटत नाही.

त्याच हिवाळ्यात धोंडिरामच्या मुलानं, सतीशनं, शहराच्या नव्या भागात, जुळे सोलापुरात, भाड्यानं फ्लॅट बघितला. सून कीर्ती बँकेत नोकरीला. जेवताना तिनंच विषय काढला.

"मामा, आम्ही वेगळं राहायचं म्हणतोय."

"का? हितं काय कमी हाय?"

"कमी काहीच नाही. आमचं आम्हाला ठरवू द्या, एवढंच."

"घर फुटलं की ताकद फुटती. हे कुणीतरी भायेरच्यानं डोक्यात भरवलंय."

"मग घरात मत घेऊ या का?" कीर्तीनं अगदी मनापासून विचारलं. सासऱ्यांची भाषणं तिनं लक्ष देऊन ऐकली होती.

"घरात मतदान नसतंय!" धोंडिराम ताटावरून उठला. पुढं सतीशनं सामानासाठी टेम्पो ठरवला, तर यानं तो कोपऱ्यावरूनच परत पाठवला.

शेवटी त्याची बायको केसरबाई नरसय्याला बोलावून घेऊन आली. इतक्या महिन्यांनी तो त्या घरात आला, खाटेच्या कडेवर अवघडून बसला आणि म्हणाला, "जाऊ दे की पोरांना. धरून ठिवून काय गोडी राहती?"

"हे तू म्हणतोस? माझ्या ठरावाला आडवा कोण आलता?"

"ते स्पेनचं. हे घर हाय."

"मी तरी काय म्हणतोय? तिकडचं तिकडं. हितं फूट नको!"

चहा निवून गेला तरी दोघं भांडत होते. मधेच नरसय्याला हसू आलं. धोंडिरामला आलं नाही. केसरबाई आतून कपड्यांची पिशवी घेऊन आली.

"तुमचं ठरू द्या सावकाश. मी बी जाते पोरांसंगं."

"तू? तू कशाला?"

"पायलला कोण बघणार? कीर्ती दिवसभर बँकेत." नातीचं झबलं तिनं पिशवीत कोंबलं. "आन् कुटं ऱ्हायचं, हे मला तरी कदी कुणी इचारलंय?"

दुसऱ्या दिवशी टेम्पो पुन्हा आला. नरसय्यानं कपाटाचं एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं, म्हणून ते धोंडिरामनं धरलं. टेम्पो गेला आणि अखंड घरात तो एकटा उरला. भाकरी थापायला तो तेव्हाच शिकला. सुरुवातीला तुकडे गोळा करून आमटीत कुस्करायचा.

पायल शाळेत जायला लागली की केसरबाई परत येईल, असा त्याचा हिशेब होता. यंदा ती पहिलीत गेली. धोंडिराम दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून जुळे सोलापूरला गेला आणि त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "आता येतीस न्हवं घरी?"

केसरबाई भाजी निवडत होती. "बगू," ती म्हणाली, "ठरवते मी."