मुकं फ्रीव्हील

सायकल मुकी झाली की आमच्या वडीगोद्रीचे लोक खूश व्हायचे. मुकी म्हणजे पायडल मारणं थांबवलं तरी टिकटिक न करणारी. हायवेच्या कडेला अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, सायकलचं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं ते हेच म्हणत, "फिरवील लई कटकट करून राह्यलं, मुकं करून द्या." अण्णा फ्रीव्हील उघडायचे, आत बोटानं पिवळं ग्रीस ठासायचे, पुन्हा बंद करायचे. गिऱ्हाईक एक चक्कर मारून यायचं आणि सायकल नवी झाल्यासारखं खूश होऊन जायचं. लहानपणापासून मी हे हजार वेळा पाहिलेलं. मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

लग्न ठरलं तेव्हा आमचे हे सायकलवेडे आहेत एवढंच कळलं होतं. सायकलला सीटच नाही, हे लग्नानंतर कळलं. गल्लीतल्या बायका पहिले पंधरा दिवस विचारत होत्या, "सीट चोरीला गेलं का वो?" ह्यांची सायकल ट्रायलची. रस्त्यावर चालवायची नाहीच, तिच्यावरून उड्या मारायच्या. मागच्या एका चाकावर उभं राहायचं, ब्रेक सोडायचा, सगळ्या अंगाचा भार एका पायडलवर टाकायचा आणि ह्या दगडावरून त्या दगडावर जायचं. साध्या सायकलचं फ्रीव्हील मागच्या चाकात असतं, हिचं पुढं पायडलपाशीच. त्या एका झटक्याला फ्रीव्हीलनं धरलं तर माणूस पलीकडे, नाही धरलं तर पायडल रिकामं खाली जातं आणि माणूस तोंडावर. मधलं काही नाही.

आणि एकदा नाहीच धरलं. जालन्याबाहेरच्या जुन्या खदानीत हे पडले, हनुवटीला टाके पडले आणि डावा गुडघा सुजून भोपळा झाला. डॉक्टर फोटो बघून म्हणाले, आतलं अर्धं तुटलंय, अर्धं शाबूत आहे; हाच गुडघा परत आपटला तर पळणं विसरा. हे शाळेत पीटीचे सर आहेत. पळता न येणाऱ्या पीटीच्या सरांना कोण ठेवून घेतं? मी घरी आल्यावर जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही. ह्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "चूक उडीची नव्हती, फ्रीव्हीलची होती. चांगलं फ्रीव्हील बघू." मी हात टेकले. पण मनात ठरवलं, उडी मारणारच असतील तर फ्रीव्हील मी निवडणार. सायकलवाल्याची लेक आहे मी.

जुन्या जालन्यात सायकलचे मिस्त्री असलेले एक चाचा आहेत. अण्णांच्या वयाचे, घरात उर्दू, दुकानात आमच्यासारखीच मराठी. त्यांच्यासमोर आम्ही तीन फ्रीव्हीलं ठेवली. एक साध्या सायकलचं, बाजारात कुठंही मिळणारं. दुसरं पुण्याच्या एका रायडरनं वापरून विकायला काढलेलं. तिसरं नवंकोरं, बाहेरून मागवलेलं. चाचांनी तिन्ही उघडली. नवंसुद्धा.

"नवं आहे चाचा, ते कशाला उघडता?" मी म्हटलं.

"डब्यावर लिहिलेलं माणूस वाचते बेटी. कुत्ते वाचत न्हाई."

फ्रीव्हीलच्या आत छोट्या खिट्ट्या असतात. स्प्रिंगच्या जोरावर त्या उठून दातांत अडकतात, तेव्हाच पायडल धरतं. त्यांना मिस्त्री लोक कुत्ते म्हणतात. टिकटिक आवाज येतो तो त्यांचाच. साध्या फ्रीव्हीलात कुत्ते दोनच, दात मोठे. मजबूत, पण धरायच्या आधी पायडल बरंच रिकामं जायचं, आणि एका चाकावर उभ्या माणसाला तेवढंही परवडत नाही. पुण्याच्यात कुत्ते सहा होते, पण चाचांनी एकेकाला नखानं दाबून बघितलं आणि चौथ्यावर थांबले. "ह्याची स्प्रिंग थकली. शंभर बार उठंल, एकशे एकला झोपंल." त्यांनी ते फ्रीव्हील आमच्या हातातही परत दिलं नाही, टेबलाच्या कडेला सरकवलं. एकशे एकावी वेळ कुठली असेल, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेला नाही.

नवं फ्रीव्हील चाचांनी शिकंजात, टेबलाला बसवलेल्या लोखंडी पकडीत, घट्ट धरलं आणि लोखंडी पाईप लावून ओढायला लागले. ओढायचं, सोडायचं, कान लावायचा. सबंध दुपार. हे कंटाळून चहाला जाऊन आले, मी हलले नाही. एकदाही ते घसरलं नाही. शेवटी चाचांनी त्यात शिलाई मशीनचं पातळ तेल दोन थेंब सोडलं आणि ह्यांच्याकडं न बघता माझ्याकडं बघून बोलले.

"यात ग्रीस घालू देऊ नको कुणाला. दात लई बारीक, स्प्रिंग केसाएवढी. थंडीत ग्रीस जमते, मंग कुत्ता उठत न्हाई. आवाज येऊन राह्यला म्हणजे जागे हैत. आवाज बंद झाला की झोपले समज."

मी मान हलवली. ह्यांनीही ऐकलं.

ते फ्रीव्हील एका फेऱ्यात एकशेआठ वेळा टिक करायचं. शाळा सुटली की हे अंगणातल्या कट्ट्यावर सराव करायचे आणि घरभर टिकटिक चालू. सासूबाई म्हणाल्या, "एकशेआठची जपमाळ असती माझीबी, पन ती मुकाट्यानं फिरती." मला आधी बरं वाटायचं त्या आवाजानं. भाजी चिरताना कान तिकडंच असायचे. टिकटिक चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे. पण सहा महिने झाले, गुडघा बरा वाटायला लागला, आणि माणूस भीती विसरतो तशी मी विसरले. मलाही ती कटकट वाटायला लागली.

संक्रांतीला आम्ही वडीगोद्रीला गेलो. दुसऱ्याच दिवशी आष्टीला एका नव्या दुकानाचं उद्घाटन होतं आणि तिथं ह्यांना उड्या मारून दाखवायला बोलावलं होतं. म्हणून सायकल पिकअपमध्ये घालून सोबतच आणलेली. अण्णांनी दुकान कधीच बंद केलंय. कान गेले त्यांचे. पण हौस गेली नाही. फ्रीव्हील तपासायचं असलं की ते स्क्रू-ड्रायव्हरची मूठ दातात धरतात, टोक फ्रीव्हीलला टेकवतात आणि पायडल फिरवतात. आवाज दातांतून डोक्यात जातो म्हणे. ह्यांची सायकल आल्या आल्या त्यांनी तशीच तपासली आणि जाम खूश झाले.

मी लाडात येऊन त्यांच्या कानाशी ओरडले, "अण्णा, लई कटकट करतं वो हे. कान किटले माझे!"

अण्णा हसले. मी शेजारपाजारी हळदीकुंकवाला गेले, आमचे हे माझ्या भावासोबत मळ्यात गेले. परत आलो तर सायकल धुऊनपुसून, चकाचक, पिकअपमध्ये बांधून तयार. जेवताना अण्णा म्हणाले, "जावयाची वस्तू आल्ती तशी परत द्यायची नसती." मला वाटलं, धुतली म्हणून म्हणतायत. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

सकाळी आष्टीत चांगलीच थंडी होती. मैदानावर ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या समोरासमोर उभ्या केलेल्या, मध्ये पुरुषभर खोल मोकळी जागा. ह्यांनी ह्या ट्रॉलीवरून त्या ट्रॉलीवर जायचं होतं. स्पीकर असे लावलेले की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. अण्णा गावचे चार दोस्त घेऊन पुढच्या खुर्च्यांवर बसलेले. हे मनगटाला पट्टी बांधत होते, म्हणून रस्त्यावरून सायकल ढकलत मी आणली. स्पीकरच्या अलीकडं, जिथं अजून ऐकू येत होतं, तिथं मला वाटलं, किती शांत वाटतंय.

आणि पाय थांबले. मी पायडल उलटं फिरवलं. काही नाही. अंगठ्यानं फ्रीव्हीलची कड पुसली तर अंगठा पिवळा झाला.

मी मान वर केली तर अण्णा माझ्याकडंच बघत होते. त्यांनी आपल्या कानाकडं बोट दाखवलं, हात हलवून विचारलं, गेला का आवाज? चेहरा असा फुललेला की बस. शेजारचा दोस्तही वळून बघायला लागला. अण्णा बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं त्याला सांगत होते, ते स्पीकरच्या गोंगाटातही मला ऐकू आलं, "फिरवील म्या स्वतः केलंय!"

तेवढ्यात आमचे हे आले. ब्रेक दाबून पायडलवर दोनदा भार देऊन बघितला. दोन्हीदा धरलं. डोळ्यांनीच मला विचारलं, बराबर?

एवढंच म्हणायचं होतं, थांबा, ग्रीस भरलंय. मग ह्यांनी तिथंच सगळ्यांसमोर फ्रीव्हील उघडलं असतं, अण्णांच्या दोस्तांनी पुढं येऊन बघितलं असतं, आणि आयुष्यभर सायकली दुरुस्त केलेल्या माणसाला जावयासमोर खाली बघावं लागलं असतं. दोनदा धरलंच की, मी मनाशी म्हटलं. एक उडी तर आहे. मी मान हलवली.

पहिल्या ट्रॉलीवर हे सहज चढले. कडेला आले, मागच्या चाकावर उभे राहिले, जागच्या जागी दोन उड्या घेतल्या. तिसऱ्यांदा ब्रेक सुटला आणि पाय पायडलसकट सरळ खाली गेला. आवाज कसलाच आला नाही. पुढचं चाक समोरच्या ट्रॉलीच्या कडेला लागलं आणि हे मधल्या जागेत गेले, डाव्या गुडघ्यावर. स्पीकर बराच वेळ वाजत राहिला, कुणाला बंद करायचं सुचलंच नाही.

जालन्याला नेताना गाडीत हे एकच वाक्य परत परत बोलत होते, "पायडल रिकामं गेलं." गुडघ्याची वाटी फुटली होती. ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या व्हरांड्यात अण्णा टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी मला विचारलं, "फिरवीलनं तर दगा दिला न्हाई ना, माय?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "न्हाई अण्णा. ट्रॉलीवर धूळ होती. चाक सरकलं."

"तेच म्हणलं मी," ते म्हणाले आणि खाली बाकावर बसले.

ह्यांनाही मी धुळीचंच सांगितलं. मग हे दवाखान्यातून घरी यायच्या आत मी एक काम केलं. फ्रीव्हील काढलं, रॉकेलमध्ये धुतलं, एकेक खिट्टी दात घासायच्या ब्रशनं साफ केली, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं आणि परत बसवलं. टिकटिक सुरू झाली. लेक म्हणून अण्णांना वाचवलं असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मी स्वतःला वाचवत होते. मान कुणी हलवली होती हे मला माहीत होतं.

महिनाभरानं अण्णा जावयाला बघायला आले. हे आतल्या खोलीत पडून होते. शाळेनं तोवर दुसरे सर बघायला सुरुवात केली होती, ते मी अण्णांना सांगितलं नाही. चहा ठेवायला मी स्वयंपाकघरात गेले आणि मागून टिकटिक ऐकू आली. बाहेर आले तर अण्णा कोपऱ्यातल्या सायकलपाशी उकिडवे बसलेले, स्क्रू-ड्रायव्हर दातात, टोक फ्रीव्हीलवर. एका हातानं ते पायडल उलटं फिरवत होते.

ते थांबले. पुन्हा फिरवलं. मग स्क्रू-ड्रायव्हर दातातून काढला, बोट फ्रीव्हीलच्या कडेवरून फिरवलं आणि ते कोरडं बोट उजेडात धरून बघत राहिले. मी तोंडावर बोट ठेवलं, हात जोडले, आतल्या खोलीकडं खुणा केल्या. त्यांचं लक्ष बोटाकडंच होतं. आणि हळू बोलणं त्यांना कान गेल्यापासून जमतच नाही.

"माय," अण्णा म्हणाले, सगळ्या घराला ऐकू जाईल असं, "म्या त्या दिवशी यात ग्रीस भरल्तं. ते कुणी काढलं?"

आतल्या खोलीत इतका वेळ पेपराची पानं उलटल्याचा आवाज येत होता. तो बंद झाला.