उलट्या आट्यांचा नट

शिवऱ्यापासून वेल्ह्यापातूर इंजिनाचं दुखणं माझ्याइतकं कुणाला कळत न्हवतं. म्या हात लावला की इंजिन दुखण्याला लागायचंच, मग कळंल न्हाई तर काय!

त्या साली डिझेलची लई मारामार. पुण्याच्या कालेजातले एक साहेब शिवऱ्याला माझ्या आत्याच्या मळ्यात आले. विहिरीवरच्या खोपीत त्यांनी आपलं इंजिन बसवलं. ते चालायचं हायड्रोजन नावाच्या वायूवर. वायूच्या एका टाकीत किती पाणी उपसतंय, ते साहेब वहीत लिवायचे. टाकी खोपीबाहेर, लाल, पुरुषभर उंच, खांबाला साखळीनं बांधलेली. म्या हँडल मारायला.

"टाकीला हात लावायचा नाही," साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "बिडी तर नाहीच."

तिसऱ्या दिवशी, भर दुपारची गोष्ट. आत्या खोपीम्होरं झाडत व्हती. इंजिन झ्याक चाललं व्हतं. धूर न्हाई, वास न्हाई. पर धुराच्या नळकांड्यातनं पाणी ठिबकत व्हतं.

"साहेब, पाणी आत शिरलंय. ग्यासकीट गेलं."

"नाही हो. हा वायू जळला की त्याचं पाणीच होतं."

जळून पाणी! शिकल्याली माणसं, म्या मनात हसलो. साहेब वहीत मान घालून बसल्यालं बघून म्या पाना उचलला आन् भाईर गेलो. काय ना काय ढिलं असणारच. टाकीजवळ नळीचा पितळी नट दिसला. अर्धा आटा आवळला. सूंऽऽ आवाज आला. म्हंजे ढिलाच व्हता की! आणखी आवळला. आवाज वाढला. मग फट् झालं.

नटाकडं हात नेला तर मनगटावरचे केस करपले. बघतो तर काय बी न्हाई. ऊन, टाकी, नट, बस्स.

"साहेब, मला काय तरी चावलं!"

साहेब भाईर आले, आवाज ऐकला आन् पांढरेफटक पडले.

"मागं या. पेटलंय."

"कुठं? काय बी दिसंना."

"ही ज्वाळा उन्हात दिसत नाही. टाकीवर पडत असेल तर..." फुडचं मला कळलं. टाकी फुटली तर खोप, विहीर, आमी तिघं, काय बी उरणार न्हाई.

"आत्याबाई, केरसुणी द्या. आणि लांब पळा."

आत्यानं केरसुणी आणली. पळाली मातर न्हाई.

साहेबांनी केरसुणी हातभर फुडं धरली आन् एकेक पाऊल टाकाय लागले. म्या मागनं त्यांचा सदरा धरला. त्यांना आधार म्हणून न्हवं, मला आडोसा म्हणून. केरसुणी वाऱ्यावर फिरत व्हती. काय न्हाई. आणखी वीतभर. काय न्हाई. आन् एकदम, मोकळ्या हवेत, तिचे शेंडे भडकले.

ज्वाळा रस्त्याच्या अंगाला व्हती, टाकीवर न्हवती. साहेबांनी केरसुणी तितंच धरून ठिवली.

"तुमचा हात लांब आहे. खालून घाला. टाकीची चावी बंद करा."

म्या वाकलो. कानाशी सूंऽऽ चाललेलं. चावी हाताला लागली.

"कुणीकडं फिरवू?"

"उजवीकडं!"

आन् त्या घडीला मला उजवी कंची तेच आठवंना.

"साहेब, उजवी कंची?"

"मुडद्या, ज्या हातानं गिळतोस ती!" आत्या वरडली.

फिरवली. आवाज बारीक झाला, आणखी बारीक, गप झाला. इंजिन दोनदा खोकून थांबलं. पाटात तेवढं पाणी वाजत व्हतं.

साहेब मातीतच बसले. "नट कुणी फिरवला?"

वाऱ्यानं म्हणावं तर वाऱ्याच्या हातात पाना न्हवता.

"म्या, साहेब. पर सोडला न्हाई, आवळला."

"ह्याचे आटे उलटे असतात. दुसऱ्याच वायूची नळी चुकून बसू नये म्हणून. तुम्ही आवळत नव्हता, सोडत होता."

"पर चावी म्याच बंद केली की!"

आत्या पायानं केरसुणी इझवत व्हती. वर बी न बघता म्हणाली, "उद्यापासनं म्हशीमागं जा. तिला एक बी नट न्हाई."